छोट्या अक्षरांतली माणसं

कंटेनरचे नंबर कुणी छोट्या एबीसीडीत लिहितं का? उरणजवळच्या त्या यार्डात लिहायचे. काही मोठ्या अक्षरांत, काही छोट्या. नोकरीला लागून आठवडा झालेल्या अमिषाच्या डोळ्यांत ती यादी खुपत होती. आज सकाळी तिनं दोन ओळींचा कोड चालवला आणि सगळी अक्षरं मोठी करून टाकली. आधी प्रत काढावी, मग बदल करावा, हे कॉलेजात घोकून घेतलं होतं. पण उतावळेपणा नडला. कोडनं प्रत काढलीच नाही, मूळ यादीच जागच्या जागी बदलली. तीच यादी क्रेनच्या स्क्रीनवर जायची.

यार्डाचे जुने कारकून सदूनाना चहा घेऊन आत आले, स्क्रीन पाहिली आणि जागीच थिजले.

"ह्ये कोनी केला?"

"मी. नीट केली यादी."

"अगो पोरी, छोटा नंबर म्हंजे आत मानूस हाय, दुरुस्तीला! मोठा म्हंजे उचल!"

आत वेल्डिंग करणाऱ्यांत अमिषाचा बाप होता, चांगदेव. त्यानंच शब्द टाकून तिला इथं चिकटवलं होतं. कोणता नंबर छोटा होता हे आता कुठेच उरलं नव्हतं. बापाला फोन लावला. लोखंडी पेटीत तो लागतोय कशाला!

नाना वॉकीटॉकीवर क्रेनवाल्याला ओरडले, "अल्पेश, थांब! काय उचलू नको!"

"नाना, एक उचललाय. वर हाय."

दोघं धावली. नाना पान्यानं एकेक कंटेनर ठोकत सुटले. आतून माणसं डोळे चोळत बाहेर आली: एक, दोन, चार. सकाळी पाच जण आत गेले होते. चांगदेव नव्हता. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून तो ते आतून ओढून घ्यायचा, साऱ्या यार्डाला माहीत होतं.

सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"हलू, अल्पेश, हलू," नाना म्हणत राहिले. अमिषाला एकवीरा आईचं नावसुद्धा धड घेता येईना. कंटेनर जमिनीला टेकला. आतून काही आवाज नाही. नानांनी दार ओढलं.

कोपऱ्यात चांगदेव भिंतीची कडी दोन्ही हातांनी धरून बसला होता. कपाळातून रक्त ओघळत होतं.

"कोनी सांगला उचलायला?" त्यानं विचारलं.

अल्पेश क्रेनवरून उतरून आला होता. "यादीत मोठा नंबर होता, काका."

"मशीन बिघडली, चांगदेव," नाना घाईनं म्हणाले आणि अमिषाला डोळ्यांनी गप्प केलं.

एवढं गप्प राहिलं की झालं. नोकरी राहील, बापाचा मान राहील. पण उद्या पुन्हा कुणीतरी आत जाणारच होतं, आणि चूक यादीत होती हे कुणालाच कळलं नसतं.

"मशीन न्हाय, बाबा. मी."

चांगदेव तिच्याकडे पाहत राहिला. हातातली कडी त्यानं अजून सोडली नव्हती.