एक माणूस, चार दिवस

शिडीवरून पडले आमचे हे आणि डोकं फिरायची वेळ आली माझी. पायाला प्लास्टर, तीन महिने खाट. रंगकामाचा अंदाज द्यायला आता जाणार कोण? अकरा वर्षं मी कामावर जात होतेच, पण गिऱ्हाइकासमोर उभं राहून मजुरी सांगणं हे यांचं खातं.

"त्यात काय अवघड आहे?" हे खाटेवरून म्हणाले. "खोली बघायची, तसलीच खोली वहीत शोधायची, दिवसांना रोजानं गुणायचं. झालं."

वही होती पक्की. झालेलं प्रत्येक काम यांच्या अक्षरात. मोठी खोली, एक माणूस, चार दिवस. स्वयंपाकघर, एक माणूस, तीन दिवस.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर होतं. दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर, जिना. मी वहीवरून चौदा दिवस काढले आणि तेवढीच मजुरी सांगितली. बाईंनी घासाघीस न करता हो म्हटलं. यांना उठवण्याबसवण्यात मी अडकलेली, म्हणून कामावर लंबूला लावलं. हा यांचा जुना जोडीदार, हात यांच्याइतकाच चांगला. चौदा दिवसांत आटपलं तर आमचा महिना निघणार होता. पुढचा प्रत्येक दिवस लंबूचा रोज आमच्या खिशातून जाणार.

आठव्या दिवशी लंबूची पहिलीच खोली संपत आली होती.

मी चक्रावले. बेरीज बोटांवर तीनदा केली, बरोबर. भिंती टेपनं मोजल्या, वहीतल्या खोलीपेक्षा चार बोटं कमीच. मग पाप आलं मनात. भर दुपारी न सांगता जाऊन दारात उभी राहिले. लंबू दुसऱ्या खोलीत भिंतीच्या भेगांत लांबी भरत होता, जेवणाचा डबा अजून उघडलाही नव्हता.

"वहिनी, मी काय झोपा काढतो का इथे?" तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचं खोटं नाही, भिंतीचं नाही, वहीचं नाही, मग दिवस जात होते कुठे?

आलेच होते, तर हात बांधून काय उभं राहायचं? पॉलिशपेपर घेतला आणि वाळलेली भिंत घासायला लागले. तो पुढे लांबी भरत गेला, मी मागून घासत गेले. शिडी धरली, प्रायमर कालवला, फरशी पुसली. संध्याकाळी बघतो तर दोन दिवसांचं काम झालेलं.

लंबू खूश. मी मात्र तिथेच खाली बसले. हेच तर मी अकरा वर्षं करत होते. वहीतल्या प्रत्येक खोलीत. शिंप्याच्या दुकानाच्या वेळी बोटांची सालं निघाली होती, घरी चमचा धरता येत नव्हता. तिथेही लिहिलं होतं, एक माणूस.

घरी आल्या आल्या वही यांच्यापुढे आपटली. "हे काम मी केलं नव्हतं का?"

"केलंस की."

"मग एक माणूस कसा?"

हे खरोखरच गोंधळले. "अगं, माणूस म्हणजे ज्याला रोज द्यावा लागतो तो. तुला कुठे द्यायचा होता?"

यांच्या मनात खोट असती तर भांडता तरी आलं असतं. मला इतका राग आला की रडूच फुटलं, आणि हे आपले विचारत राहिले, पाय आपटला का कुठे.

यांच्यापाशी सासूबाईंना बसवून उरलेलं काम मी लंबूच्या जोडीनं संपवलं. तरी तीन दिवस अंगावर पडलेच. पुढच्याच आठवड्यात एका शाळेचं बोलावणं आलं. वर्ग मी मोजून आले. या वेळी हे स्वतः पेन घेऊन बसले. तेव्हापासून जरा वरमले होते.

"दोन माणसं," यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं. लंबूचा रोज लिहिला. मग पुढची ओळ सुरू केली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझा किती धरायचा?"

मी तोंड उघडलं. गवंड्याचा रोज मला पाठ, सुताराचा पाठ, लंबूचा तर झोपेतही सांगेन.

"थांबा," मी म्हटलं. "मला सांगता येत नाही."