न चालवलेली रेघ

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मोजणीदार म्हणत, "रस्त्यावरच्या सायकलीनं रानातल्या सायकलीशी पळून जाऊन लग्न केलं, त्यांचं हे पोर. दोन्ही घरी लाडावलेलं, कामाचं कुठल्याच नाही." असं म्हणत, आणि स्वतः तीच चालवत.

सारी नोकरी त्यांनी लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून सायकल क्लबला मार्ग आखून देऊ लागले. खडीचे, मातीचे, रानातून नदीच्या खोऱ्यात उतरणारे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी गार होत चाललेला चहा, आणि पडद्यावर जंगल. त्यांचा एक नियम होता आणि तो सगळ्या क्लबला पाठ होता. जिथे आपली चाकं फिरली नाहीत ती वाट नकाशात घालायची नाही. गुडघा कुरकुरायला लागला तरी हा नियम त्यांनी सोडला नव्हता.

क्लबमधली मंडळी मात्र त्यांच्या लेखी निव्वळ मेंढरं. हँडलवर काडेपेटीएवढा पडदा लावायचा आणि त्यावरची निळी रेघ नेईल तिकडे जायचं. एकदा मार्ग नोंदवताना मोजणीदार लघवीला म्हणून झुडपामागे गेले आणि यंत्र बंद करायचं राहिलं. त्यानंतर कित्येक रविवार अख्खा क्लब त्या झुडपापर्यंत जात होता, त्याला वळसा घालून इमानेइतबारे परत येत होता. एकानं तर तिथे फोटो काढून घेतला. ती रेघ मोजणीदारांनी मुद्दाम दुरुस्त केली नाही. असली करमणूक फुकट मिळते कुठे?

आणि आता याच कळपातला एकजण त्यांचा जावई व्हायला निघाला होता.

दातांचा डॉक्टर होता तो. टायरमध्ये हवा किती भरावी यावर हा माणूस अर्धा तास बोलू शकायचा, आणि बोलायचा. दोन्ही पायांतले मोजे अगदी एका उंचीवर. रानात दमला की खिशातून पाकीट काढून कसलासा गोड चिकट रस चोखायचा, मग रिकामं पाकीट घडी घालून पुन्हा खिशात. ती घडी पाहिली की मोजणीदारांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"त्याच्यात वाईट काय आहे ते तरी सांगा," लेक म्हणाली होती.

"वाईट काही नाही. चांगलंही काही नाही. काहीच नाही, हेच तर सांगतोय."

लेक त्यांची एकुलती एक. सायकल तिला त्यांनीच शिकवली होती, सीट धरून मागे पळत. ती हसली नाही. "बाबा, तुम्ही तोंड वाकडं करून बसणार असाल तर मी हे लग्न नाही करणार. मला नाही जमणार तसं. पण नाही म्हणायच्या आधी एकदा त्याला नीट बघा. रविवारी आम्ही दोघं खोऱ्यात जातोय. मार्ग तुम्ही आखा."

म्हणजे सगळं त्यांच्या एका शब्दावर आलं होतं. मोजणीदार खूश झाले. मार्ग आखायला बसले.

खोऱ्याच्या तळाशी नदीचा एक जुना फाटा होता. वरून हिरवंगार गवत, खाली राड. मोजणीदारांनी वाटेपासून त्या गवतात एक रेघ ओढली. थेट आत आणि तशीच परत. तिथे ते कधीच गेले नव्हते. जायची गरजही नव्हती, गुडघाभर चिखल असणार, त्याला मोजणी कशाला? लेकीला बरोबरच्या माणसाला पुढे घालून मागून यायची सवय होती. पुढे डॉक्टर, डॉक्टरच्या पुढे निळी रेघ. होणारा नवरा पडद्याचं ऐकून चिखलात घुसतो आणि मोजे वर ओढत बाहेर येतो, एवढं लेकीनं काठावरून पाहावं, की झालं. मोजणीदारांना तोंड उघडायचीसुद्धा गरज पडणार नव्हती.

रविवारी ते गाडी घेऊन पुलावर जाऊन बसले. थर्मास होता, दुर्बीण होती. नाटकाला जावं तशी तयारी.

झाडीतून दोघं उतरले. पुढे डॉक्टर, मागे लेक. गवताशी येताच डॉक्टर थांबला. मोजणीदारांनी दुर्बीण डोळ्यांवर घट्ट धरली. हा पठ्ठ्या सायकलवरून उतरला, काठी शोधून आणली आणि गवतात खुपसली. काठी आत गेली ती जातच राहिली. त्यानं लेकीकडे वळून नाही म्हणून मान हलवली. लेकीनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, काहीतरी बोलली, हसली. त्यानं तिचं हँडल धरलं. तिनं त्याचा हात बाजूला केला आणि पेडल मारलं.

मोजणीदार ओरडले. खाली पाण्याचा एवढा आवाज होता की स्वतःचं ओरडणं त्यांना स्वतःलाही धड ऐकू आलं नाही. लेक गवतात शिरली आणि कमरेपर्यंत खाली गेली.

गुडघ्याचं भान न ठेवता ते उतार उतरले. तोवर डॉक्टरनं आपली लाडकी सायकल चिखलावर आडवी टाकली होती आणि तिच्यावर पालथा पडून तो लेकीला ओढत होता. बाहेर आली तेव्हा ती मानेपर्यंत बरबटलेली होती आणि डावं मनगट टम्म सुजलं होतं.

"हा सांगत होता, इथे वाट नाही म्हणून," ती धापा टाकत म्हणाली. "मीच म्हटलं, बाबांची रेघ आहे. न चालवलेली वाट बाबा घालत नाहीत."

मोजणीदारांना मेंढरं फार ओळखू यायची. हे एक मात्र त्यांच्याच घरचं होतं आणि पडद्याच्या मागोमाग नाही, त्यांच्या मागोमाग आलं होतं.

"तुम्ही आलात तेव्हा इथे कोरडं असेल ना?" लेकीनंच विचारलं. "मग नदीनं पात्र बदललं असणार."

आता दोनच गोष्टी सांगण्यासारख्या होत्या. आपण म्हातारे झालो, किंवा आपण नीच आहोत.

"हो," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली मला येऊन."

लेक गाडीत जाऊन बसली. डॉक्टरनं सायकलच्या ट्यूबची झोळी करून तिचा हात गळ्यात बांधून दिला होता. सायकली टपावर चढवताना तो हळूच म्हणाला, "काका, चालवलेली रेघ वेडीवाकडी येते. माणूस खड्डा चुकवतो, दगड चुकवतो. ही फूटपट्टीनं ओढल्यासारखी होती. कालच दिसली मला."

मोजणीदारांच्या हातातला पट्टा सुटला. "मग आलात कशाला?"

"म्हटलं, मी पडेन, तुम्ही पोटभर हसाल आणि विषय मिटेल. जाणारच होतो आत. काठीला तळ लागेना, म्हणून थांबलो."

"तिला सांगणार?"

"मी कशाला सांगू?" त्यानं सुटलेला पट्टा उचलून आवळला आणि उरलेल्या टोकाची नीट घडी घातली.

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर मोजणीदारांना बरं वाटलं असतं. या मोजेवाल्याचा उपकार डोक्यावर घेऊन आता जन्म काढायचा होता.

गाडी मोजणीदार चालवत होते. मागे डॉक्टर लेकीच्या कानातला चिखल रुमालाच्या टोकानं काढत होता. दात साफ करावेत तितकंच मन लावून.

"मग काय ठरलं, बाबा?" लेकीनं विचारलं.

"करा लग्न. माणूस चांगला आहे."

ती खूश झाली. मागून हात पुढे करून तिनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मग आवाज मऊ करून म्हणाली, "आणि यापुढे मार्ग क्लबला देण्याआधी ह्याला एकदा दाखवत जा. वय होतं माणसाचं, त्यात लाजायचं काय?"

"बरं."

थोडा वेळ गेला. लेक पुन्हा पुढे वाकली.

"हळू घ्या, बाबा. पुढे वळण आहे."

या रस्त्याची मोजणी त्यांनी स्वतः, पायी चालून केली होती.

"दिसलं," मोजणीदार म्हणाले, आणि त्यांनी गाडी हळू केली.