तरवडाचं मूळ

"तुमी खोटं लिवलं, सायेब. जागा मोकळी, तिथं काहीच नाही, असं लिवलं अन् वरतून सही ठोकली. काहीच नव्हतं तं तुमच्या मानसायनं दोन दिवस कुदळी काहून मोडल्या?"

नगरपालिकेच्या कचेरीत साहेबांच्या टेबलापुढे सिंधूताई उभ्याच होत्या. खुर्ची कुणी दिली नव्हती, अन् दिली असती तरी त्या बसल्या नसत्या. काखेत एक पोतं होतं.

त्यांचं घर नाल्याच्या काठाला पाठ लावून उभं. चार वर्षांमागच्या पुरात काठ खचला अन् न्हाणीची भिंत घेऊन गेला. तक्रार केली, तर निधी नाही म्हणाले. मग सिंधूताईंनी पारशिवनीकडच्या माहेरातून तरवडाच्या शेंगा ओटीत आणल्या. तरवडाचं बी भलतं हट्टी, तसंच पेरलं तर ढिम्म हलत नाही. त्यांनी एकेक बी खडबडीत फरशीवर घासलं, भिजवलं, उतारावर टोचलं. एक उन्हाळा पाणी घातलं. त्यानंतर तरवडानं कधी काही मागितलं नाही. बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. पिवळीधमक फुलं वर, माती जागच्या जागी खाली. तीन पावसाळे न्हाणीची नव्यानं बांधलेली भिंत हलली नाही.

मागच्या महिन्यात नगरपालिकेचं नाल्याकाठचं सुशोभीकरण आलं. मुकादम ओमप्रकाश, तोही पारशिवनीकडचाच.

"मावशी, वरून ऑर्डर हाये. झुडूप झाडात मोजत नाही म्हन्तेत."

"अन् तू मोजतं का नाही, गा?"

त्यानं मान खाली घातली अन् कुदळ वर उचलली. तरवडाच्या जागी शोभेची रोपं लागली, भोवती लोखंडी जाळ्या. आठवड्यात बकऱ्यांनी जाळीतून तोंडं घालून सगळी फस्त केली. जाळ्या तेवढ्या उरल्या. एका संध्याकाळी ओमप्रकाश गुपचूप येऊन एक अख्खं मूळ ओट्यावर ठेवून गेला. "निघता निघत नव्हतं, मावशी," एवढंच बोलला.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघा, ते जंगली झुडूप होतं. आम्ही शहर सुंदर करतोय."

"मी काय सुंदर दिसाले आली इथं? मले माही भिंत उभी रायलेली पायजे."

"अर्ज द्या. पाहू."

सिंधूताईंनी पोतं टेबलावर उपडं केलं. हातभर लांब मूळ धप्पकन पडलं, सुकी माती फायलीवर सांडली.

"हा अर्ज."

साहेब खुर्चीसकट मागे सरकले. "हे काय आहे?"

"जिथं काहीच नव्हतं ना, तिथून निघालं. आता फायलीत लावा त्याले, अन् आवक नंबर द्या."

दारातला शिपाई हसला. साहेबांनी पाहिल्यावर खोकला.

"महिन्याभरात पाऊस लागन," सिंधूताई म्हणाल्या. "तवा काठाची माती कोन धरन? तुमी, का तुमची जाळी? नाव लिवून द्या. तवरोक मी हालत नाही."

अन् कोरा कागद त्यांनी स्वतःच साहेबांपुढे सरकवला. "लिवा. कोन धरन?"