कापणारीचा वाटा

सत्याण्णव सालापासनं मी मासा तोंडात घेतला न्हाय. वास आला तरी गल्ली बदलती. आन् मी कोन? तर इंदापूरच्या बाजारात वीस वरीस मासं कापणारी रंगुबाई! लोक हसत्यात. हसू द्या. ज्यानं माशाचं पोट फाडून आत बघितलं न्हाय, त्याला हसाय काय जातंय!

आमच्या बाजाराचा एक रिवाज हुता. मासा इकायचा मानसिंगरावानं, न्यायचा गिऱ्हाइकानं, आन् पोटातनं निघंल ते कापणारीचं. आतडी कुत्र्याला, अंडी माझ्या डब्यात. त्या डब्याकडं कुनी बघितलं तर मी असं डोळं वटारायची की त्यानं मुकाट पिशवी उचलून चालाय लागावं.

त्या साली माझी लेक दिशा सातव्या म्हैन्यात बाळंतपणाला माह्यारी आलती. आदी दोनदा दिवस राह्यलं नि दोनदा वाया गेलं. जावई समाधान तिला सोडाय आला तवा एवढंच बोलला, "आये, आता तुमच्या हवाली." एरवी लई बडबड्या गडी, पर त्या दिशी मान वर करंना. मी मनाशी म्हनलं, ह्या खेपंला पोर हातात घेतल्याबिगर मी राहात न्हाय.

मग काय, रोज डबाभर अंडी. कांदा, लसूण, काळं तिखट टाकून तव्यावर परतायची नि म्होरं बसून खाऊ घालायची. नगं म्हनली की दटावायची, "गप गिळ, दोघांचं खायचंय तुला." पोरीला डोहाळं तरी कसलं, तर भितीच्या चुन्याचं. येता-जाता नखानं खरवडायची नि चाटायची. मी हसायची, "अगं भवाने, घर खातीस का माझं?"

अंडी बी त्या साली सुटली म्हंजी सुटली. चिलापीचा, म्हंजी आमच्या धरणातल्या माशाचा, नर मला लांबनं कळतो. अंगानं काळपट, शेपटीची कड तांबडी. त्याच्या पोटात पांढऱ्या दुधाच्या दोन दोऱ्या असत्यात, त्या मी फेकून द्यायची. त्या साली त्या दोऱ्यांत बी पिवळं दाणं, राळ्याएवढं. नराच्या पोटात अंडी! आता शहाण्या बाईनं हात झटकाय पायजे हुता का न्हाय? मी न्हाय झटकला. म्हनलं, माझ्या दिशासाठी धरण भरभरून देतंय. हावरट मेली मी! बोटानं निपटून डब्यात भरायची.

खवलं बी येगळीच. लाकडाला बाटलीची बुचं ठोकून केलेलं माझं घासणं हुतं. त्यानं जोर लावून वढलं की खवलं उडून केसात बसायची. आता नुसता आंगठा फिरवला की चिकाट बुळबुळीसंगं लोळागोळा निघून यायची. काटा दोन बोटांत धरला तर वाकायचा, मोडायचा न्हाय. शी शी! मानसिंगरावाला त्यात बी धंदा दिसला. वरडायचा, "मऊ काट्याची चिलापी! म्हाताऱ्यानं खावी, पोरानं खावी, घशात अडकायचं भ्या न्हाय!" लोक रेटारेटी करून घ्यायचं.

आन् पाणी? एकदा मी सोता धरणाच्या काठाला गेलती. वरल्या शहरांची गटारं, कारखान्यांचं सांडपाणी, समदं हितंच येऊन साठतं. कडंला घोटाभर फेस, त्याखाली हिरवा साका, पाय घातला की पचपच वर यायचा. त्याच पाण्यात कोळी जाळी धुत हुतं. मी नाकाला पदर लावून माघारी फिरले, आन् दुसऱ्या दिशी त्याच पाण्यातलं मासं कापाय बसले. माझी मलाच आता शिसारी येती.

एका बाजाराला बारामतीच्या कालेजातनं रविराज सर आलं. संगं बाटल्या नि चिमटा. "मावशी, मला खवले हवेत," म्हनालं. मी म्हनलं, न्या की घमेलंभर. त्यांनी एक खवलं उन्हात धरलं. कसर लागलेल्या लुगड्यावानी भोकंच भोकं. मग माझ्या हातातल्या माशाकडं बघून म्हनालं, "हा नर ना?"

"नर न्हाय तर काय! वीस वरीस झाली कापती."

"मग पोटात हे काय?"

"अंडी."

सरांनी बाटली खाली ठेवली. मग उकिडवं बसलं नि मला समजंल असं सांगाय लागलं. "मावशी, सांडपाण्यात काही रसायनं असतात. ती अंगात गेली की नराच्या शरीराला वाटतं आपण मादीच आहोत. ते अंड्यांची तयारी करायला लागतं. त्याला कॅल्शियम लागतं, म्हणजे चुनाच समजा. तो कुठून आणणार? स्वतःच्या खवल्यांतून काढतं, हाडांतून काढतं. मला तरी तसाच संशय आहे. अजून तपासायचंय."

चुना म्हनल्याबरुबर माझ्या डोळ्यांम्होरं दिशाची खरवडलेली भित आली.

"सर, आन् खाणाऱ्याला?"

"ते मला माहीत नाही. खोटं कशाला सांगू?" सरांनी डब्याकडं बघितलं. "ही अंडी कोण खातं?"

"पोटुशी लेक."

त्यांचा चेहराच उतरला. "माझी बहीण असती तर मी खाऊ दिली नसती," एवढंच म्हनालं.

मी तिथंच वकले. इळीवर, माशावर, समद्यावर. डबा उचलला नि गटारात भिरकावला. मानसिंगराव दात-ओठ खात आला, "रंगुबाई, गिऱ्हाईक बघतंय, त्वांड मिट!"

"का मिटू? रोगट काटा मऊ म्हनून इकतोस, लाज वाटती का?" मी उठून उभी राह्यले नि बोंबलून सांगितलं, "आरं, सडलंय ह्ये! नराला अंडी झाल्यात! खाऊ नगा!"

मग एक गिऱ्हाईक पिशवी फुडं करून म्हनतंय कसं, "मग मानसिंगराव, आज सस्तात द्या की." थू!

इळी तिथंच टाकून घर गाठलं. राखेनं हात घासलं, साबणानं घासलं, पर वास जाईना. आत दिशा भितीला पाठ लावून बसलेली. तिच्या मागं ईतभर भितीचा चुना गेलेला, आतली माती दिसत हुती. व्हटाच्या कडंला पांढरं.

मी बसले. तिचा हात हातात घेतला नि आंगठ्यानं तिचं नख दाबून बघितलं. खवलं दाबून बघती तसंच. नख घट्ट हुतं. मी दुसरं दाबलं. मग तिसरं.

"काय करतीस आये?" ती हसली. "आन् डबा कुठाय? लई भूक लागलीय. आज अंडी न्हाय आणली?"

तिच्या पोटावर हात ठेवला तर आतनं बाळानं लाथ मारली. माझं रडू बांधच फोडून आलं.

"भित खा बाय," मी म्हनलं. "पर माझ्या हातचं आता काय मागू नगंस."