मोकळं औषध

आकडा पुन्हा तसाच आला. धाकटीनं कागद टेबलावर आपटला, आणि आपटून काही होत नाही म्हणून उचलून परत वाचला.

रुग्णालयाच्या तळमजल्यावरची औषध-तपासणीची प्रयोगशाळा ती चालवायची. नमुना तिच्या सख्ख्या ताईचा होता. ताईच्या कृत्रिम गुडघ्यात जंतू शिरले होते. हाडांच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. रक्तात औषध कमी पडत असेल तर डोस वाढवून बघू. पुरेसं असूनही पू थांबत नसेल, तर गुडघा काढायचा.

"औषध तर शिरेतून धो धो चाललंय की," ताई कुरकुरली होती. "कमी कसं पडेल?"

"बरंचसं रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतं. जे मोकळं राहतं तेच जंतूंशी लढतं. मी ते मोकळं मोजते."

"म्हणजे तुझ्या भावोजींसारखं. घरभर आहेत, कामाला नाहीत!"

"मी डबा घेऊन आलोय," भावोजी कोपऱ्यातून म्हणाले.

"बघ, बसूनच सांगतायत."

मोकळं औषध अगदीच कमी निघालं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. डोस वाढला. ताईला उलट्या सुरू झाल्या, पण गुडघा वाचणार म्हणून तिनं त्याही निमूटपणे सोसल्या. आणि आज नव्या नमुन्यातही आकडा जेमतेम हलला होता.

वरून डॉक्टरांचा फोन आला. "मॅडम, काय म्हणतोय नमुना? आणखी वाढवू का?"

"थांबा जरा."

"मी थांबतो हो. जंतू थांबत नाहीत."

चिडचिड डॉक्टरांवर नव्हती. आकडा तिला पटतच नव्हता. ताईच्या पोटात धड काही टिकत नव्हतं, रक्तातलं प्रथिन खाली आलं होतं. चिकटायला जागा कमी म्हटल्यावर मोकळं औषध जास्त निघायला हवं. इथं सगळा उलटा कारभार! तिनं मोकळं औषध गाळून काढणाऱ्या चाळणीच्या नळ्या तपासल्या, द्रावणं नव्यानं बनवली, स्वतःचीच बेरीज दोनदा संशयानं पाहिली. कुठंच चूक सापडेना. चूक सापडली असती तर निदान तिच्यावर ओरडता तरी आलं असतं.

नमुने गरगर फिरवणाऱ्या यंत्राचं झाकण उघडून तिनं नळी काढली. बोटांना गारवा लागला.

नळी हातात धरून ती तशीच उभी राहिली.

औषध खराब होऊ नये म्हणून ती सगळं थंड ठेवायची. नमुना बर्फात, यंत्र गार. ही शिस्त तिचीच, आणि तिला तिचा अभिमानही होता. पण गारठ्यात हे औषध प्रथिनाला जास्तच घट्ट धरून बसतं. अंगाच्या उबेत त्याची पकड सैल होते. ताईच्या अंगात कुठं बर्फ होता? उलट ताप होता.

"शहाणी!" ती स्वतःलाच म्हणाली. "दीडशहाणी!"

उरलेला नमुना तिनं अंगाइतका कोमट केला, यंत्र तापवलं आणि पुन्हा फिरवलं. आकडा आला. मोकळं औषध भरपूर होतं. हवं त्याहून जास्तच.

क्षणभर तिला आनंद झाला, हिशोब जुळल्याचा. मग तिनं नवा आकडा कागदावर उतरवला. औषध पहिल्यापासून पोहोचत होतं. त्या उलट्या फुकट गेल्या होत्या. आणि गुडघा...

टेबलावर दोन कागद होते. पहिल्या कागदावर अजून थोडी आशा होती. तो तिनं चुरगाळून टोपलीत टाकला आणि फोन उचलला. "डॉक्टर, माझी चूक झाली. वाढवू नका, कमी करा. पुरेसं आहे."

"मग आता गुडघ्याचं काय ते कळलंच तुम्हाला."

"कळलं. ताईला मीच सांगते."

ताईनं सगळं ऐकून घेतलं. भावोजींनी उठून खिडकी उघडली, मग पुन्हा लावली.

"म्हणजे ते बिचारं औषध काम करत होतं," ताई म्हणाली.

"हो."

"आणि मी उलट्या काढत होते, ते तुझ्या थंड यंत्रापायी."

"हो गं."

ताईनं चादर गुडघ्यावर ओढून घेतली, जणू कुणी तो आत्ताच न्यायला आलं होतं.

"तुझा तो गार आकडाच बरा होता," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.