ट्रामला हात करणारा हातमोजा

मी एक जुना लोकरी हातमोजा आहे, आणि तोही डाव्या हाताचा! अंगठ्याला माझ्यात वेगळी खोली आहे, बाकीची चार बोटं मात्र एकाच खोलीत दाटीवाटीनं राहतात.

आउस्मानं लग्नाआधी आम्हा जोडीला तिच्या होणाऱ्या नवऱ्यासाठी, आल्फोन्ससाठी विणलं. लोकर तिच्या गावच्या मेंढ्यांची. आल्फोन्स रीगा शहरात ट्राम चालवायचा. संध्याकाळी आउस्मा बाजाराच्या थांब्यावर दिसली, की तो मला काचेआडून हलवायचा आणि तीही हात करायची. मित्रांनो, काय ऐट होती माझी! ट्रामचा दांडा धरून धरून माझा अंगठा झिजला. घरातली राखाडी लोकर संपली होती, म्हणून तिनं पिवळ्या लोकरीनं रफू केलं.

मागच्या पानगळीत आल्फोन्स गेला. आउस्मा रडली नाही. सूप अळणी की खारट, तेही तिला कळेना.

एका रविवारी नात लीवानं तिला बाहेर काढलंच. सकाळी जुनं शहर, मग बाजार, मग आगगाडीनं आउस्माचं गाव. आउस्मानं आम्हालाच घातलं.

"आजी, हात पोहतायत की आत!"

"पोहू देत."

बाजाराच्या थांब्यावर ट्राममधून उतरताना मी गळून पडलो. बर्फाच्या चिखलात. एक बूट माझ्यावरून गेला, मग दुसरा. मला काहीच वाटलं नाही.

तिकडे स्टेशनवर, उजव्यानं मला नंतर सांगितलं, लीवा ओरडली, "आजी, डावा कुठाय?"

आउस्मानं उघड्या हाताकडे पाहिलं. "असू दे."

"असू दे काय? आजोबांचा आहे तो! चल मागे."

"गाडी चुकेल."

"चुकू दे!"

तोवर एका मासेवालीनं मला उचललं, झटकलं आणि कुंपणाच्या सळईवर उभं खोचलं. आमच्याकडे हरवलेल्या हातमोज्याला असंच ठेवतात.

"उभा राहा, राजा. येईल तुझं माणूस."

समोरून आलेल्या ट्रामवाल्याला वाटलं, कुणीतरी हात करतंय. त्यानं घंटी वाजवली. रस्त्यापलीकडे आउस्मा थबकली. तिची नजर माझ्यावर पडली आणि तिचा हात आपोआप वर गेला.

"आजी, कुणाला हात करतेस?"

आउस्मा रस्ता ओलांडून आली, मला सळईवरून काढलं आणि हातात घातलं.

पुढची गाडी मिळाली. बाहेर पांढरी शेतं, पाईनची झाडं. माझ्या आत तिचा हात लाकडासारखा गार. गाव जवळ आलं, तेव्हा तिचा अंगठा पिवळ्या रफूवरून आतून फिरला. एकदा. मग पुन्हा. तिनं मला नाकाशी नेलं.

"शी! मासळीचा वास मारतोय हा."

कितीतरी दिवसांनी आजीला कसला तरी वास कळला होता. लीवा हसता हसता रडायलाच लागली.

मित्रांनो, वाटेत एकटा हातमोजा दिसला, तर ओलांडून जाऊ नका. उचला, झटका, उंचावर उभा करा. त्याला हात करणारं कुणीतरी पलीकडून येत असेल.