मुंगीच्या तीन चिठ्ठ्या

मित्रांनो, जिना चढून वर आलात की डाव्या हाताला शाळेचे कार्यालय लागते. त्याच्या दाराशेजारी टांगलेली जुनी लाकडी सूचनापेटी म्हणजे मी.

सुतारकाकांनी मोडक्या बाकाच्या फळ्या तासून मला घडवले. रंगाऱ्याने पिवळा रंग दिला आणि वर 'सुचना' असे लिहिले. पहिल्याच दिवशी माझ्या पोटात चिठ्ठी पडली, 'पेटीवरचा सू दीर्घ हवा.' तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ती सर्वांसमोर वाचली आणि स्वतः ब्रश घेऊन चूक सुधारली. ते दर शनिवारी मला उघडत. नळाला पाणी नाही, खिडकीची काच फुटली, असे मुले लिहीत आणि बहुतेक गोष्टी मार्गीही लागत. येणारे पाहुणे माझे कौतुक करत.

ते निवृत्त झाले आणि माझी किल्ली कुठल्या तरी खणात गेली ती गेलीच. मग मुलांनी माझ्यात गोळ्यांचे कागद टाकले, पेन्सिलींचा भुसा टाकला. मी सारे गिळून गप्प बसले.

अशात सहावीतली एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. अंगाने बारकी आणि भिंतीच्या कडेने चालणारी, म्हणून वर्गात तिला सगळे मुंगी म्हणत. ती माझ्या झाकणावर वही टेकवून लिहायची आणि लिहिताना प्रत्येक शब्द पुटपुटायची, म्हणून मला सारे कळले.

पहिल्या चिठ्ठीत होते, 'फळ्यावरची गणितं मला उतरवता येतात, पण समजत नाहीत. सर विचारतात, समजलं का? सगळे हो म्हणतात. मग मीही हो म्हणते.'

दुसरीत होते, 'पुस्तकांच्या कपाटाला कायम कुलूप असतं. काचेतून सगळ्या पुस्तकांची नावं वाचून झाली.'

सहामाही परीक्षेनंतर तिसरी आली. 'आई म्हणते, काही येत नाही तर जातेस कशाला? उद्यापासून मी घरी शिवणकामात मदत करणार आहे. शाळा मला आवडते. इथे प्रश्न पडतात. पण ते विचारायचे कुणाला?'

त्या दिवशी आपल्याला हात नाहीत याचे मला फार वाईट वाटले.

तीन आठवडे गेले. शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. त्यांनी शिपाईमामांना विचारले, "ही पेटी कधी उघडता?"

"किल्लीच नाही बाई. आणि आत काय असणार, कचराच."

"मग कचरा तरी काढा."

मामांनी पेचकसाने माझी कडी उचकटली. भुशातून बाईंनी तीन चिठ्ठ्या वेचल्या, वाचल्या आणि गणिताच्या सरांच्या हाती दिल्या. सरांनी मुंगीचे अक्षर ओळखले. मग एवढेच म्हणाले, "तिचं घर कुणाला माहीत आहे?"

पुढचे मला मामांकडून कळले. ते मोठ्या बाई आणि सरांबरोबर तिच्या घरी गेले होते आणि माझी कडी बसवताना लिपिकबाईंना सांगत होते. मुंगी दारात बसून सदऱ्यांना बटणे लावत होती. आई म्हणाली, "इथे निदान बटणं लावायला तरी शिकली. तिकडे सहा वर्षांत काय शिकली, ते सांगा."

सर म्हणाले, "चूक माझी आहे. ती हो म्हणाली आणि मी पुढे गेलो."

मोठ्या बाईंनी मुंगीला विचारले, "तुला यायचंय का?"

तिने सुईत अडकलेला दोरा सोडवला आणि हळूच म्हणाली, "यायचंय. पण सर, समजलं का, असं विचारू नका. काय समजलं, ते विचारा."

आईने लेकीकडे नवलाने पाहिले. "एक महिना बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी अपूर्णांकाचे एक गणित सोडवले आणि विचारले, "काय समजलं?" पहिल्या बाकावरच्या हुशार मुलालाही सांगता येईना. सरांनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या आठवड्यात धडा पुढे सरकला नाही, पण वर्गात हात वर होऊ लागले. पुस्तकांचे कपाटही उघडले. त्याची जबाबदारी मुलांकडे आली.

महिना संपला त्या दिवशी मुंगीची आई शाळेत आली. तिला लिहिता येत नव्हते. तिने सांगितले तसे मुंगीने माझ्या झाकणावर वही टेकवून लिहिले, 'मुलीला पुढेही पाठवते. ती रात्रीचं काम आटपलं की मला अपूर्णांक समजावते. मला मागच्या बाकावर बसून ऐकता येईल का?'

मोठ्या बाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि मागच्या बाकावरची धूळ स्वतः पुसली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिच्यात कचरा टाकू नका. समजले नसेल तर तसे लिहा, खाली आपले नाव लिहा, आणि ती उघडली जाते की नाही हे अधूनमधून मोठ्यांना विचारत राहा. आत कुणाची तरी चिठ्ठी वाट बघत असते.